झाडीपट्टीत चार दिवस: एक दोरी, मोहाची रोपं आणि खाजकुयली

परत येऊन आठवडा झाला, पोटऱ्यांवरचे ओरखडे अजून गेलेले नाहीत. आत्ता लिहिलं नाही तर राहून जाईल म्हणून बसलोय.

आधी हे सांगतो की मी बँकेत काम करतो आणि झाडांशी माझा संबंध बाल्कनीतल्या चार कुंड्यांपुरता. पण माझा एक शाळेपासूनचा मित्र पीएचडी करतोय, विषय काय तर माणसाने वापरलेल्या, म्हणजे तोडलेल्या, जाळलेल्या, गुरं चारलेल्या कोरड्या जंगलात नवीन झाडं येतात का, येतात तर कुठली आणि कुठून. त्याचा नेहमीचा जोडीदार लग्नाला गेला आणि दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. मला वाटलं चला, झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं जंगल बघू, वाघबिघ दिसला तर बोनस. वाघ दिसला नाही हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे उगाच कोणी शेवटपर्यंत वाट बघायला नको.

दिवस पहिला: नागपूर ते ब्रह्मपुरीच्या पुढे

नागपूरला उतरलो, तर्री पोहे हाणले आणि मित्राच्या खटारा गाडीतून उमरेड, भिवापूर, नागभीड असं निघालो. पूर्वी नागपूर ते नागभीड छोटी रेल्वे होती, २०१९ ला ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद केली. मला त्या गाडीत बसायचं होतं, राहूनच गेलं.

जूनचा पहिला आठवडा, मृग लागायला दोन-तीन दिवस बाकी. ब्रह्मपुरीचं नाव उन्हाळ्यात पेपरात का येतं ते गाडीचा दरवाजा उघडल्यावर कळलं, तव्यावरची वाफ तोंडावर यावी तसं झालं. तिथून अजून तासभर आत गेल्यावर गाव आलं. गावाचं नाव लिहीत नाही, तसं आमचं तिथे ठरलंय.

ज्यांच्या घरी उतरलो त्यांना सगळे काकाजी म्हणतात, मीही तेच म्हणायला लागलो. साठीच्या पुढचे, बारीक, बोलताना सतत एक काडी दाताखाली. मी हौसेने विचारलं, "काकाजी, जंगल कुठे सुरू होतं?" तर म्हणाले, "तुमी गाडी लावली ना, ते जंगलच हाय." बघितलं तर गाडीच्या मागे नुसती झुडपं. कमरेएवढी, धुळीने मळलेली, मधेमधे काळे खुंट. मला वाटलं होतं पडीक जमीन आहे. मित्र गालात हसत होता, तेव्हा कळलं नाही का.

रात्री जेवायला भात, वरण, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. ती चटणी मी इतकी खाल्ली की काकूंनी निघताना डबाभर बांधून दिली. बाहेर खाटेवर झोपायचा माझा विचार होता, तो काकाजींनी एका वाक्यात मोडला, "आमी नाई झोपत, तुमी काऊन झोपता?" ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात वाघ आणि माणूस फार जवळजवळ राहतात, मोह वेचताना आणि तेंदूची (विडीची) पानं तोडताना माणसं मारली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. गंमत म्हणून घेऊ नका ही गोष्ट.

टिप, तिकडे जाणार असाल तर: गावातला माणूस सोबत असल्याशिवाय जंगलात पाऊल टाकू नका, उजाडायच्या आधी आणि दिवेलागणीला तर अजिबात नाही. वाकून काम करताना दुसऱ्याने उभं राहून आजूबाजूला बघायचं. आणि वनखात्याची परवानगी आधी काढून तिचा कागद खिशात ठेवा, मोबाईलवरचा फोटो चालेलच असं नाही. बाकी मोठ्या बाटलीत मीठ-साखर-पाणी, दोन जणांत पाच लिटर कमीच पडतं.

दिवस दुसरा: दोरी

सात वाजता निघालो, काकाजी आणि त्यांचा पुतण्या सोबत. काम ऐकायला सोपं होतं. दहा बाय दहा मीटरचा चौकोन दोरीने आखायचा आणि आतलं प्रत्येक झाड, रोप, फुटवा (खुंटातून किंवा मुळातून आलेला कोंब) मोजायचा. गुडघ्याखालचे वेगळे, गुडघा ते छाती वेगळे, छातीच्या वरचे वेगळे. पहिल्या चौकोनाला मी म्हणालो यात काय आहे मोजायला, दहा मिनिटात संपवू. दीड तास लागला. धुळकट झुडपं म्हणून जे मी काल बघितलं होतं त्यात साग, ऐन, तेंदू, पळस, लेंडिया, मोवई, धावडा, भेरा असं सगळं जंगल उभं होतं, फक्त गुडघ्याएवढं.

मग तो प्रकार झाला ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय. तेंदूचं एक वीतभर रोप होतं, चार पानं. मी वहीत लिहिलं, "रोप, एक वर्षाचं." मित्र म्हणाला उकर. पुतण्याने सब्बल (पहार) आणली. आम्ही उकरत गेलो, वीतभर, हातभर, मूळ संपेना, आणि जाडी म्हणाल तर माझ्या अंगठ्याच्या दीडपट. वर चार पानं आणि खाली हे! जमिनीलगत त्याला एक गाठ होती, तिच्यावर जुन्या मेलेल्या काड्यांचे काळे डाग, एकाला लागून एक. काकाजींनी काडीने ते दाखवले, "हे जळलं. हे खाल्लं. हे पुन्हा जळलं." प्रत्येक डाग म्हणजे एकेका सालचा कोंब, जो वर आला आणि आगीत किंवा गुरांच्या तोंडी गेला. वरचा भाग दरवर्षी मरतो, मूळ मात्र दर पावसाळ्यात थोडं थोडं जाड होत राहतं. एखाद्या वर्षी आग आली नाही आणि गुरं आली नाहीत की ते एकदम दोन-तीन वर्षात आगीच्या हाताबाहेर उंच होतं. म्हणजे जे एक वर्षाचं म्हणून मी लिहिलं ते कदाचित माझ्या नोकरीपेक्षा जुनं असेल. वहीत खाडाखोड केली. त्या मुळावर माती परत लोटली तेव्हा मला उगाच अपराधी वाटत होतं, पण काकाजी म्हणाले याले काही नाई होत, हे मेलं तर तेंदू कसला.

पुढचे चौकोन मग मी वेगळ्याच डोळ्यांनी मोजले. सागाच्या एका खुंटाला अकरा फुटवे होते. जमिनीलगत तोडलेला खुंट असेल तर फुटवा बुडातून येतो, स्वतःचा पाया धरतो. कमरेएवढ्या उंचीवर तोडलेला असेल तर फुटवे वरच्या काठावरून येतात, पुढे खुंट कुजतो आणि वाऱ्यात मोडून पडतात. रात्रीच्या घाईत तोडणारा वाकत नाही, त्यामुळे चोरीच्या तोडीचे खुंट उंच असतात, असं पुतण्या म्हणाला. एकदा हे कळलं की खुंट बघून कोणी तोडलं ते ओळखायचा खेळच सुरू होतो.

पण या सगळ्यात एक गोष्ट दुपारपर्यंत माझ्या लक्षात आली नाही, मित्राने वही उलटून दाखवली तेव्हा आली. मोठमोठे मोह होते, दोघांच्या कवेत न मावणारे. आणि मोहाची पोरं? गुडघ्याच्या वर एकही नाही. चार चौकोनांत एकही नाही. बीजा आणि रोहन या झाडांची पोरंही नाहीत. तेंदू, पळस, साग यांच्या मुळांतून, खुंटांतून फुटवे येतात त्यामुळे ती मार खाऊन खाऊन टिकतात, वर साग गुरं सहसा खात नाहीत आणि पळसालाही फारसं तोंड लावत नाहीत. ज्यांची भिस्त बियांवर, ती मागे पडतात. धावड्याचं तर बी भरपूर पडतं पण आत बहुतेक पोकळ, मूठभर चोळलं तर एखादं भरलेलं निघतं. लांबून बघणाऱ्याला जंगल परत आल्यासारखं दिसतं, हिरवं तर आहे ना. पण तेच जंगल परत आलेलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत माझा पराक्रम: एका वेलीला मखमलीसारख्या सोनेरी शेंगा लटकत होत्या, फोटोसाठी हातात धरल्या. खाजकुयली! पुढचा अर्धा तास लिहिण्यासारखा नाही. पुतण्याने ओलं शेण आणून हाताला थापलं, वाळल्यावर खरवडून काढलं, त्याने खरंच उतरलं. पाण्याने धुवायला जाऊ नका, जास्त पसरतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोजे पँटच्या वरून चढवणे हे गोचिडांसाठी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं, दोन्ही चुका एकाच दिवशी फेडल्या.

दिवस तिसरा: टोरी, खड्डे, पाऊस

सकाळी मोहाखाली गेलो. गावात प्रत्येक मोठा मोह कोणाचा ना कोणाचा असतो, सातबाऱ्यावर नाही पण सगळ्यांना माहीत असतं. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पडतात. ती पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायचा, जमीन काळी स्वच्छ करायची आणि पहाटे टपटप पडलेली फुलं वेचायची. त्या जाळात खालची सगळी बारीक रोपं जातात आणि आग पुढे सरकली तर वणवा. मग जूनच्या आसपास फळं पिकतात, आतली बी म्हणजे टोरी, ती तेलासाठी वेचतात. बी टिकतंही नाही, थोड्या आठवड्यांत त्याची उगवण्याची ताकद संपते, त्यामुळे याच पावसात रुजलं तर रुजलं. म्हणजे आधी खाली जाळ, मग बी वेचलं, उरलंसुरलं रुजलं तर ते बकरीच्या तोंडी.

पण याच्यावर नाक मुरडायला मी कोण! त्या फुलांवर घरातला दोन-तीन महिन्यांचा किराणा चालतो. काकाजींच्या आई तिथेच वेचत होत्या, वय त्यांनाही माहीत नाही, सगळे त्यांना बुढी म्हणतात, मी आजी म्हणत होतो. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, जाळणं आम्ही दोन सालापासून बंद केलं, आता झाडून घेतो आणि खाली जुनी लुगडी, हिरवी जाळी अंथरतो. फुलात माती-राख लागत नाही, व्यापारी वरचा भाव देतो. जंगल वाचावं म्हणून नाही, भाव मिळतो म्हणून. मला हे उत्तर फार आवडलं.

आणि मग आजींनी झाडापासून वीस पावलांवर नेलं. बोरीच्या काट्यांचं कडं, आत मोहाची तीन रोपं, गुडघ्याच्या वर! चार चौकोनांत न सापडलेली. ही कोणी लावलेली नव्हती. समोरच्या वाळलेल्या झाडावर वटवाघळं बसून फळं खातात, बी खाली टाकतात, त्यातून आलेली. आजींनी फक्त काटे लावले. मी विचारलं, हे मोठं झाल्यावर कोणाचं? "ज्यानं काटे लावले त्याचं," आजी म्हणाल्या. मागून काकाजी म्हणाले, "जागा तं ग्रामसभेची हाय." यावर मायलेकांचं जे सुरू झालं ते आम्ही पुढचा चौकोन आखून संपवला तरी ऐकू येत होतं.

दुपारी टेकडीच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे वृक्षलागवडीचे खड्डे होते, रांगेत, मशीनने काढलेले, आणि रांग सरळ यावी म्हणून मधलं सगळं साफ केलेलं. कोणत्या योजनेतून, कोणी केलं ते लिहीत नाही. खड्ड्याच्या भिंतीत काय दिसावं तर कापलेली मुळं, अंगठ्याएवढी, मनगटाएवढी. कालच्या त्या तेंदूची सख्खी भावंडं. दहा-वीस वर्षांची मुळं उपटून तिथे सहा महिन्यांची पिशवीतली रोपं लावलेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाळलेली. मित्र एरवी फार बोलतो, इथे काही बोलला नाही, नुसते फोटो काढत बसला. माझं तर स्पष्ट मत झालंय की झाडं लावायला निघालेल्या प्रत्येकाला आधी एक दोरी द्यावी आणि जागेवर आधीच काय उभं आहे ते मोजून आण म्हणावं. कितीतरी ठिकाणी काटे, जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा) आणि चार वर्षं चराईबंदी एवढंच पुरेल. अर्थात नुसत्या फुटव्यांवर मोह परत येणार नाही, त्याचं बी टोचावंच लागेल, आणि जिथे मुळंच उरली नाहीत तिथे लागवडीला पर्याय नाही, हे मित्राने मला दोनदा बजावून सांगितलंय म्हणून लिहितो.

तिथून उतरताना वाटेवर अस्वलाची विष्ठा दिसली. जवळून बघितली (हो, बघितली) तर टेंभरांच्या चपट्या तपकिरी बियांनी खच्चून भरलेली, जणू कोणी बियांचा लाडू वळून ठेवलाय. तेंदूची पिकली फळं म्हणजे टेंभरं अस्वल आवडीने खातं आणि बी लांब नेऊन टाकतं, वर खतासकट. ज्या झाडाच्या पानावर लाखो लोकांची मजुरी चालते त्याची पेरणी असा एक गडी फुकटात करतो. टेंभरं आम्हीही खाल्ली, चिकूसारखी गोड पण कच्चं एखादं लागलं तर जीभ लाकडाची होते. चारही खाल्ली, म्हणजे चारोळीचं फळ, काळं, आंबटगोड. चारोळी सुक्यामेव्यात मिळते हे माहीत होतं, तिला गर असतो हे पस्तीस वर्षात पहिल्यांदा कळलं.

तेंदूचं तोडणीचं गणितही ऐकलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झुडपं बुडातून छाटतात, त्याला खुटकटाई म्हणतात, म्हणजे मोठी कोवळी पानं येतात. मे महिन्यात तोडणी, ७० पानांचा एक पुडा. पानं चांगली फुटावीत म्हणून काही जण आगही लावतात, आणि ती आग फक्त तेंदूपुरती थोडीच थांबते. चंद्रपूरच्याच गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क (गावाच्या जंगलावर ग्रामसभेचा कायदेशीर हक्क) मिळाल्यावर याच कारणासाठी तेंदूपत्ता तोडायचंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. आमच्या काकाजींना हे माहीत होतं. "त्यायच्याकडं बांबू हाय," ते म्हणाले, "आमच्याकडं काय हाय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चारच्या सुमारास आभाळ काळं झालं आणि पाच मिनिटात वावटळ, धूळ, मग पाऊस. गाडी लांब, आम्ही उघड्यावर, वही पोटाशी धरून पळालो. विजा कडाडत असताना मोठ्या झाडाखाली थांबू नका म्हणून काकाजींनी खोलगट जागी उकिडवं बसवलं, वीस मिनिटं तसेच. थांबला तेव्हा मातीचा वास, आणि गारवा असा की दात वाजले, दुपारी जिथे उन्हाने डोकं भाजलं होतं त्याच जागी!

दिवस चौथा: वैनगंगेपलीकडे

परतीची गाडी रात्रीची होती, म्हणून मित्र म्हणाला मेंढा नावाचं गाव बघून येऊ. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा, आरमोरी, गडचिरोली, मग धानोऱ्याचा रस्ता. जंगलाची उंचीच बदलते, रस्ता बोगद्यासारखा होतो.

मेंढा (लेखा) म्हणजे "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" वालं गाव. वनहक्क कायदा २००६ चा, त्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर यांचा सामूहिक हक्क मान्य झाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी. बांबू विकायचा हक्क हातात यायला मात्र एप्रिल २०११ उजाडलं, तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले होते. हे सगळं गाडीत मित्राकडून ऐकलं. गावात आम्ही फार वेळ नव्हतो, गोटुलाच्या (गावाच्या सामाईक घराच्या) सावलीत बसलो, पाणी प्यायलो, एका दादांशी गप्पा झाल्या. मी विचारलं निर्णय बहुमताने घेता का. ते म्हणाले नाही, सर्वसहमती. एकाचं जरी नाही असलं तर पुन्हा बसायचं. मी म्हटलं मग कामं होतात कधी? ते हसले आणि म्हणाले, बहुमताने जंगल बंद केलं तर हरलेला माणूस रात्री कुऱ्हाड घेऊन जातो. काल बघितलेले कमरेएवढे उंच खुंट मला एकदम आठवले.

टिप: मेंढ्याला अचानक जाऊन टपकू नका, आधी निरोप द्या, तिथे अभ्यासाला येणाऱ्यांची रांग असते आणि लोकांना शेतीची कामं असतात. धानोरा रस्त्यावर मोबाईलला रेंज येते-जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. पेट्रोल गडचिरोलीत भरा.

येताना वाट वाकडी करून काकाजींकडे सामान घ्यायला थांबलो. कालच्या पावसाला चोवीस तासही झाले नव्हते. ज्या झुडपांना मी पहिल्या दिवशी पडीक म्हणालो होतो तिथे गाडी लावली, उतरलो आणि सवयीने वाकून बघितलं. एका काळ्या खुंटाच्या बुडाशी लालसर टोक आलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. आदल्या दिवशी ते तिथे होतं की नाही, देव जाणे, मी तेव्हा बघितलं नव्हतं.

आजींनी जाताना ओल्या फडक्यात बांधून वीस टोऱ्या दिल्या, "बंगल्यात लाव" म्हणाल्या. माझा वन बीएचके आहे हे सांगायचा धीर झाला नाही. आल्या आल्या त्यातल्या सात कुंडीत टोचल्या, बाकी ऑफिसात वाटल्या. काल पाचांनी माती उचलली. या झाडाला पुढे कुठे ठेवायचं याचा विचार मी केलेला नाही, बायको करतेय आणि मोठ्याने करतेय.